आमचं जुनं देऊळ बेवारस नाही

प्रति,
कोंडिविट्याच्या संत योहान बाप्तिस्ता चर्चची जागा, तिथली वास्तू आणि तिथला प्रवेश यांविषयी निर्णय घेण्याचा अधिकार ज्यांना आहे त्या सर्वांना. ते शासनात असोत, उद्योगक्षेत्रात असोत की आमच्याच धर्मप्रांतात.

सप्रेम नमस्कार.

गेल्या हिवाळ्यात मी एक साधा अर्ज केला होता. माझी आई ८६ वर्षांची आहे. मरोळ गावठाणात राहते, चालायला वॉकर लागतो. तिला कोंडिविट्याचं जुनं चर्च एकदा नीट पाहायचं आहे. ते आज सीप्झ या औद्योगिक क्षेत्राच्या कुंपणाआत आहे, परवानगीशिवाय तिथे जाता येत नाही. मे महिन्यातल्या एका रविवारी तिथे वर्षातून एकदा मिस्सा, म्हणजे आमची सामूहिक प्रार्थना, होते, पण तेव्हा हजारोंची गर्दी असते आणि ऊन सोसवत नाही. म्हणून मी एखाद्या साध्या दिवशी, सकाळच्या वेळी, अर्धा तास मागितला. ओळखपत्रांच्या प्रती जोडल्या, सोबत कोण कोण येणार ते लिहिलं, फोटो काढणार नाही असंही लिहून दिलं.

अर्ज तीन टेबलांवर फिरला. पहिल्या ठिकाणी म्हणाले, जागा आमच्याकडे येत नाही. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, जागा येते पण वास्तू येत नाही. तिसऱ्या ठिकाणी एका गृहस्थांनी मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि अगदी सभ्यपणे सांगितलं, ‘मॅडम, ती बेवारस, पडकी इमारत आहे. आत बघण्यासारखं काही नाही.’

घरी येऊन आईला एवढंच सांगितलं की परवानगी मिळाली नाही. ‘बेवारस’ हा शब्द तिच्यासमोर उच्चारवला नाही. पण तो माझ्या मनातून जात नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

आमच्या घरात ‘चर्च’ हा शब्द शाळेतून आला. आई अजूनही देऊळच म्हणते. मरोळचं ते नवं देऊळ आणि कोंडिविट्याचं ते जुनं देऊळ. नव्या देवळालाही पावणेदोनशेच्या वर वर्षं होऊन गेली, तरी ते नवंच. यावरून जुन्याचं वय लक्षात यावं.

अंधेरी पूर्वेच्या ज्या भागाला आज सगळी मुंबई सीप्झ म्हणते, तिथे कोंडिविटा गावचा शिवार होता. १५३४ च्या वसईच्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाकडून साष्टी बेट (आज मुंबईची उपनगरं आणि ठाणं ज्यावर आहेत ते) पोर्तुगीजांकडे गेलं आणि त्यांच्यामागून फ्रान्सिस्कन व जेझुइट या धर्मसंघांचे पाद्री गावोगाव फिरू लागले. जेझुइटांनी १५७९ मध्ये कोंडिविट्याला दगडचुन्यात हे चर्च बांधलं आणि त्याच वर्षी संत योहानाच्या सणाला ते लोकांसाठी उघडलं. वांद्र्याचं संत आंद्रे चर्च १५७५ चं. म्हणजे दोघांत जेमतेम चार वर्षांचं अंतर. वांद्र्याच्या चर्चमध्ये आज रोज मिस्सा होते. कोंडिविट्याला डोक्यावर छप्पर नाही. १५८८ मध्ये इथे मोठा सामूहिक बाप्तिस्मा झाला. तो देणारे फादर मान्युएल गोम्स पुढे ‘साष्टीचे प्रेषित’ म्हणून ओळखले गेले.

या इतिहासात सगळंच गोड आहे असं मी म्हणणार नाही. पोर्तुगीज सत्तेखाली साष्टीत हिंदूंची देवळं पाडली गेली. मंडपेश्वरच्या लेण्यांवर चर्च चढवलं गेलं. आमच्या पूर्वजांपैकी किती जण श्रद्धेने पाण्याखाली वाकले, किती जण भीतीने आणि किती जण जमीन राखण्यासाठी, हे आज कोणी सांगू शकत नाही. पण वाकले ते इथलेच कोळी, कुणबी, आगरी, भंडारी होते. आडनावं पोर्तुगीज मिळाली, भाषा मराठीच राहिली. बायकांच्या अंगावर लुगडंच राहिलं. भिंतीतला दगडही इथल्याच डोंगरातला काळा दगड आहे. चर्च उभारायचं ठरवणारे परदेशी होते, म्हणून ती वास्तू परकी ठरत नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण ‘पोर्तुगीजांचं आहे, तुमचं काय त्यात’ असंही मला ऐकवलं गेलं आहे.

१७३७ मध्ये साष्टी मराठ्यांकडे आली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. पोर्तुगीज पाद्री निघून गेले. पण साष्टीतले धर्मग्राम बुडाले नाहीत. इथल्याच मातीतल्या पाद्र्यांनी ते सांभाळले. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणं घेतलं आणि साष्टी त्यांच्याकडे गेली. राज्यं बदलत गेली, कोंडिविट्याची घंटा वाजत राहिली.

मग १८४० साल आलं. गावात साथ शिरली. माणसं पटापट मरू लागली तेव्हा तिथले व्हिकर, म्हणजे चर्चचे प्रमुख धर्मगुरू, जोझे लोरेन्सो पाइस यांनी चर्च मरोळला हलवलं. पवित्र वस्तू सोबत नेल्या आणि लोक त्यांच्यामागून गेले. किती दूर? पायी पाऊण तासावर. तिथे त्यांनी नवं चर्च उभारलं आणि त्यालाही योहानाचंच नाव दिलं. फक्त हा योहान शुभवर्तमान लिहिणारा.

२६१ वर्षं लग्न, बारसं, मयत जिथे झाली ते देऊळ कोणी हौसेने सोडत नाही. मुलंबाळं जगावीत म्हणून ती माणसं तिथून उठली. गावठाणाच्या नाक्यावर १८९६ च्या प्लेगातले क्रूस आजही उभे आहेत. साथीच्या वेळी माणूस काय काय करतो ते आम्हाला घराबाहेर पाऊल टाकताच दिसतं. करोनात तर चर्चचे दरवाजे महिनोन्‌महिने बंद होते. तेव्हा आईच म्हणाली होती, ‘आता कळलं, जुनं देऊळ कसं बंद झालं असेल.’

चर्च हललं, तरी वाट बंद झाली नव्हती. आईच्या लहानपणी, म्हणजे १९४०-५० च्या दशकांत, मरोळ ते कोंडिविटा सगळी भातशेती होती. बांधावरून चालत मुली गवत आणायला जायच्या आणि दुपारी त्या भिंतींच्या सावलीत बसून भाकरी खायच्या. आत शिरताना डोक्यावर पदर घ्यायचा आणि बाहेर पडताना उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावायचा, असं तिला तिच्या आजीने शिकवलं होतं. वेदी नव्हती, मूर्ती नव्हती, वर आभाळ होतं. तरी पदर घ्यायचा. आई हे सांगते तेव्हा अजूनही तिचा हात कपाळाकडे जातो.

मग औद्योगिक वसाहतीसाठी शेतं गेली. १९७३ मध्ये सीप्झ सुरू झालं आणि चर्च कुंपणाच्या आत राहिलं. आधी इलेक्ट्रॉनिक्सचे कारखाने आले, पुढे हिरे आणि सोन्याचे दागिने घडवणारे. २००० मध्ये त्याचं विशेष आर्थिक क्षेत्र झालं. इथे काम करून आमच्या गावठाणातल्या कितीतरी घरांच्या चुली पेटल्या. माझी धाकटी बहीण आठ वर्षं तिथे सोल्डरिंग करायची. रोज त्याच आवारात जायची, पण चर्चपर्यंत जायचं कारण तिच्या गेटपासवर नव्हतं.

उद्योगांशी माझं भांडण नाही. तिथली तपासणी कशासाठी असते तेही कळतं: सोनं आहे, हिरे आहेत, कस्टम्सचे नियम आहेत. माझी तक्रार वेगळी आहे आणि ती मी एकेक करून मांडते.

पहिली आणि सगळ्यांत मोठी तक्रार अशी की या वास्तूला धनी नाही असं जो तो सांगतो, आणि त्याच वेळी तिथे जायला मात्र परवानगी लागते. नाही म्हणायला अधिकारी आहे, डागडुजीला कोणी नाही. जमीन कोणाच्या नावावर, ताबा कोणाकडे, भिंत कोसळली तर जबाबदार कोण, याचं उत्तर एका कागदावर मला कधी मिळालं नाही. ५० वर्षांहून अधिक काळ गेला आहे. इतक्या वर्षांत तीन खात्यांना एका टेबलाभोवती बसून एवढं ठरवता आलं असतं.

दुसरी तक्रार झाडांची. हिच्यावर जरा जास्त लिहिते, कारण बाकी सगळं उद्याही करता येईल, हे नाही. पक्ष्यांच्या विष्ठेतून वडा-पिंपळाचं बी भिंतीच्या माथ्यावर पडतं. चुन्याच्या सांध्यात त्याला ओल मिळते, मूळ आत उतरतं. पहिली दोन वर्षं रोप बोटाएवढं दिसतं. दहा वर्षांत तेच मूळ मनगटाएवढं होऊन दगड जागचा उचलतं. जुन्या भिंती बाहेरून घडीव दगडाच्या दिसल्या तरी पोटात गोटे आणि चुना भरलेला असतो. छप्पर नसलं की भिंतीचा माथा उघडा पडतो आणि दर पावसाळ्यात पाणी त्या पोटात शिरून चुना धुऊन नेतं. मग एके दिवशी, वाराही नसताना, भिंत फुगते आणि बसते. सांताक्रूझच्या वेधशाळेत २६ जुलै २००५ ला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. ती वेधशाळा इथून काही फार लांब नाही. त्या पावसातूनही या भिंती उभ्या राहिल्या. बांधणाऱ्यांनी आपलं काम चोख केलं होतं, एवढंच त्यावरून कळतं. पुढचा प्रत्येक पाऊस त्या झेलतील, असा त्याचा अर्थ कोणी घेऊ नये.

यावरचे उपाय ठाऊक आहेत, नव्याने शोधायचे नाहीत. झाड ओढून उपटायचं नाही, त्याबरोबर भिंत येते. खोड कापून मुळात औषध सोडायचं, मूळ मरेपर्यंत थांबायचं, मग पोकळीत पातळ चुना भरायचा. भिंतीचे माथे चुन्याने बंद करून त्यांना उतार द्यायचा, म्हणजे पाणी साचत नाही. आणि सिमेंट अजिबात वापरायचं नाही. सिमेंट जुन्या चुन्यापेक्षा कडक असतं, ओल आत कोंडतं आणि काही वर्षांत दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. सणाच्या आधी घाईघाईने साफसफाई होते तेव्हा फांद्या छाटल्या जातात, मुळं तशीच राहतात. छाटलेलं झाड दुप्पट जोमाने फुटतं. कोयता घेऊन राबणाऱ्या हातांचा यात दोष नाही. त्यांना दाखवायला तिथे जाणकार माणूस नसतो.

तिसरी तक्रार त्या एका दिवसाची. वर्षातला तो रविवार आम्हाला मिळतो याबद्दल मी आभारीच आहे. ज्यांनी तो टिकवला त्या मरोळच्या लोकांचेही उपकार मानते. पण एक दिवस म्हणजे आजाऱ्यांना, म्हाताऱ्यांना, लहान मुलांच्या आयांना जवळजवळ शून्य दिवस. शाळेची सहल नेता येत नाही, वास्तुशास्त्राचा विद्यार्थी मोजमाप घेऊ शकत नाही. तिथून थोड्याच अंतरावर महाकालीची लेणी आहेत, कोंडिविट्याचीच, बौद्धांची, १९ लेण्यांचा तो समूह. ती राखलेली आहेत आणि कोणीही जाऊन पाहू शकतं. हे बघून मला आनंद होतो. एकाच गावच्या दोन खुणा आहेत, मग एकीला दार उघडं आणि दुसरीला कुलूप का?

चौथी तक्रार छोटी वाटेल. तिथे मला कधी मराठीत चार ओळींचा धड फलक दिसला नाही. १५७९, १८४०, कोणी बांधलं, का हललं. सणाला आलेली आमचीच पोरं आईबापांना विचारतात, ‘हे कोणी तोडलं?’ कोणी म्हणतं मराठ्यांनी, कोणी म्हणतं इंग्रजांनी. खोटा इतिहास असाच पसरतो, आणि आजच्या दिवसांत तो निरुपद्रवी राहत नाही. कोणी तोडलं नाही हो. साथ आली आणि माणसं निघून गेली, एवढं तरी तिथे लिहिलेलं असावं.

पाचवी तक्रार घरातल्यांशी आहे. आमच्या धर्मगुरूंशी आणि आम्हा सर्वांशी. आम्ही सणाला गेलो, मिस्सा ऐकली, बाटली मसाल्याचं जेवण जेवलो आणि पुढचे ३६४ दिवस विसरलो. १८८७ मध्ये आमच्या वाडवडिलांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं ते नोकऱ्यांमध्ये, सरकारदरबारी आपण इथलेच आहोत हे सांगता यावं म्हणून. इथलेच असल्याचा याहून मोठा पुरावा आमच्याकडे कोणता आहे? आणि तरी जुन्या नोंदवह्यांतलं जे काही शिल्लक आहे ते पाहायला मागितलं, की आमच्याच माणसांकडून ‘पुढच्या आठवड्यात या’ ऐकावं लागतं. मी तीन पुढचे आठवडे गेले आहे.

कोणी म्हणेल, पडक्या चर्चचं करायचं तरी काय? वसईच्या किल्ल्यात जाऊन पाहा. नागासाकीला १५९७ मध्ये हुतात्मा झालेले संत गोन्सालो गार्सिया वसईचेच. किल्ल्यातलं जेझुइटांचं चर्च आज त्यांच्या नावाने ओळखलं जातं. त्यांच्या सणाला लोक जमतात आणि एरवी कोणीही, कुठल्याही धर्माचा माणूस, त्या कमानींखाली उभा राहू शकतो. किल्ला केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. प्रार्थना आणि जतन तिथे एकत्र नांदतात. आमची मागणीही तेवढीच आहे. चर्च पुन्हा बांधून द्या, टाइल्स लावा, झुंबरं टांगा असं आम्ही म्हणत नाही. उलट, तसं करू नका अशीच विनंती आहे. नवं छप्पर चढवून, रंग फासून ते उजळवलं तर आई ज्या भिंतीच्या सावलीत बसली ती भिंतच ओळखू येणार नाही.

मागण्या अशा आहेत.

संबंधित सगळ्या खात्यांनी आणि धर्मप्रांताने एकत्र बसून जमिनीचा, ताब्याचा आणि देखभालीचा एक लेखी खुलासा मराठीत प्रसिद्ध करावा. १९६० च्या महाराष्ट्राच्या पुरातन वास्तूंच्या कायद्याखाली जे संरक्षण देता येतं ते पूर्णपणे लागू करावं आणि त्याच्या सीमा जागेवर खुंट्या रोवून दाखवाव्यात, म्हणजे उद्या शेजारी खोदकाम निघालं तर कोणाला ‘माहीत नव्हतं’ म्हणता येणार नाही.

पुढचा पावसाळा सुरू होण्याआधी जुन्या दगडी वास्तूंचं काम जाणणाऱ्या तज्ज्ञांकडून भिंतींची पाहणी व्हावी, पूर्ण मोजमापं आणि छायाचित्रं घ्यावीत, आणि निदान भिंतींचे माथे व मुळं एवढं काम तातडीने हाती घ्यावं. त्यासाठी लोकवर्गणी लागली तर गावठाणातून ती उभी राहील. हे मी माझ्या हिमतीवर नाही, दारोदार विचारून लिहिते आहे.

महिन्यातला एक ठरलेला दिवस, सकाळचे तीन तास, आधी नाव नोंदवणाऱ्यांसाठी दार उघडावं. ओळखपत्र तपासा, झडती घ्या, मोबाइल बाहेर ठेवून घ्या, सोबत रखवालदार द्या. आमची कशालाच हरकत नाही. वॉकर आणि चाकाची खुर्ची जाईल एवढी सपाट वाट मात्र हवी.

खरा इतिहास सांगणारा मराठी फलक लावा. मजकूर आम्ही लिहून देऊ, तुमच्या इतिहासकारांनी तो तपासावा. आणि आमच्या धर्मप्रांताला माझी वेगळी विनंती: जुन्या नोंदवह्यांचं जे काही उरलं आहे, त्याच्या प्रती काढून अभ्यासकांना आणि कुटुंबांना पाहायला मिळू द्या. कागदालाही वाळवी लागते.

२०२४ च्या ऑक्टोबरात भुयारी मेट्रो सुरू झाली आणि सीप्झ हे स्टेशनचं नाव झालं. जमिनीखालून, कातळ फोडून, मुंबई तिथवर पोचली. आईने बातमी ऐकली आणि विचारलं, ‘मग आता देवळापर्यंत जाता येईल?’ मी म्हटलं, स्टेशनपर्यंत जाता येईल.

अर्जाची प्रत सोबत जोडली आहे. त्यावर तारखेची जागा मी रिकामी ठेवली आहे. ती तुम्ही भरा. सकाळी नऊच्या आधीची वेळ द्या, नंतर तिला ऊन सोसत नाही. आम्ही चौघं असू: आई, मी, माझी बहीण आणि माझी नात. नातीला उंबरा दाखवायचा आहे.

आपली नम्र,
मरोळ गावठाणातली एक रहिवासी